बेनेडिक्ट अँडरसन कसे वाचावेत : कोकणातील अभ्यासगटासाठी काही सूचना

राष्ट्रवादाचा अभ्यास करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या हाती बेनेडिक्ट अँडरसन या आयरिश इतिहासकाराचे व राज्यशास्त्रज्ञाचे ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ हे पुस्तक आज ना उद्या येतेच. मात्र बहुतेक वेळा ते त्यातील राष्ट्राच्या एका व्याख्येपुरतेच वाचले जाते. उत्तरपत्रिकेत ती व्याख्या उतरवली की गुण मिळतात, पण अँडरसन यांची काम करण्याची रीत तशीच बाजूला राहते. लोकांच्या मनातील आपलेपणा कसा घडला हे शोधायचे असेल, तर आधी छापील कागद, शिरगणती, नकाशा, संग्रहालय आणि नोकरीनिमित्तचा प्रवास अशा ठोस गोष्टी तपासाव्यात, अशी ती रीत आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगड जिल्ह्यातील वाचकाला त्यासाठी लागणारे साहित्य घरापासून फार दूर शोधावे लागत नाही. पुढील सूचना तीन-चार जणांच्या अभ्यासगटासाठी लिहिल्या असल्या, तरी एकट्यालाही त्या उपयोगी पडतील.

प्रारंभ त्यांच्या चरित्रापासून करावा. अँडरसन यांचा जन्म २६ ऑगस्ट १९३६ रोजी चीनमधील कुनमिंग येथे झाला. वडील अँग्लो-आयरिश होते व चीनच्या सागरी जकात खात्यात अधिकारी होते. आई इंग्रज होती. युद्धामुळे हे कुटुंब १९४१ मध्ये कॅलिफोर्नियात गेले आणि १९४५ मध्ये आयर्लंडला परतले. इतिहासकार पेरी अँडरसन हे त्यांचे धाकटे बंधू. आजीचे वडील पर्सेल ओ’गॉर्मन हे आयर्लंडला होमरूल मिळावे या पक्षाचे ब्रिटिश संसदेतील सदस्य होते. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १९१६ मध्ये ज्या नावाची चळवळ उभारली ते नाव याच आयरिश राजकारणातून आलेले होते, एवढे येथे नोंदवून पुढे जावे, कारण त्यावर फार मोठा डोलारा उभा करण्यात अर्थ नाही.

अँडरसन यांनी केंब्रिजमध्ये ग्रीक-लॅटिन साहित्याचा अभ्यास केला आणि नंतर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज केहिन यांच्या मार्गदर्शनाखाली इंडोनेशियाकडे वळले. १९६५ मध्ये इंडोनेशियात झालेल्या उठावाचे आणि त्यानंतरच्या हत्याकांडाचे खापर लष्कराने कम्युनिस्ट पक्षावर फोडले, तेव्हा अँडरसन व रुथ मॅकव्हे यांनी १९६६ मध्ये तयार केलेल्या टिपणात, हा उठाव मूलतः लष्करातील अंतर्गत असंतोषातून झाला असावा, असे मत मांडले. पुढे ‘कॉर्नेल पेपर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या टिपणाची किंमत त्यांना मोजावी लागली. १९७२ मध्ये त्यांना देशातून घालवण्यात आले आणि तेथील लष्करी हुकूमशहा सुहार्तो यांची सत्ता १९९८ मध्ये कोसळेपर्यंत तेथे पुन्हा पाऊल ठेवता आले नाही. त्या काळात ते थाई भाषा शिकले, सयामचा (थायलंडचा) आणि नंतर फिलिपिन्सचा अभ्यास करू लागले. एका देशाचे दार बंद झाल्यामुळे तीन देश शेजारी ठेवून पाहण्याची सवय त्यांना लागली, हे ध्यानात ठेवले तर ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’मध्ये जावा, पेरू, हंगेरी आणि जपान एकापाठोपाठ का येतात ते समजते. ‘अ लाइफ बियाँड बाउंडरीज’ हे त्यांचे आत्मपर पुस्तक या दृष्टीने मुख्य ग्रंथाआधीच वाचावे. ते सोपे आहे आणि लेखकाचा मिस्कील स्वभाव त्यात अधिक मोकळेपणाने दिसतो.

मुख्य ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिएतनाम, कंबोडिया आणि चीन या क्रांतिकारी म्हणवणाऱ्या राजवटी १९७८-७९ मध्ये आपसात लढल्या, आणि मार्क्सवादाला राष्ट्रवादाचे नीट स्पष्टीकरण देता आलेले नाही ही बोच त्यातून तीव्र झाली. ग्रंथाची सुरुवातच तेथून होते. प्रत मिळवताना ती १९९१ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीची असल्याची खात्री करावी, कारण शिरगणती, नकाशा आणि संग्रहालय यांवरील दहावे प्रकरण पहिल्या आवृत्तीत नाही आणि कोकणातील वाचकाच्या सर्वांत उपयोगाचे प्रकरण तेच आहे. माझ्या मते वाचनाचा क्रमही तेथूनच लावावा : आधी दहावे प्रकरण, मग दुसरे व तिसरे, नंतर चौथे, आणि व्याख्या असलेले पहिले प्रकरण अगदी शेवटी. फ्रेंच विचारवंत रेनाँसारख्यांची अवतरणे मूळ फ्रेंचमध्येच येतात; तेथे अडून न राहता पुढे जावे. व्याख्येपर्यंत पोचल्यावर एवढेच जपावे, की राष्ट्रातील बहुतेक माणसे एकमेकांना कधी भेटणार नसल्यामुळे त्यांचे नाते कल्पनेतून उभे राहते, असे अँडरसन म्हणतात. ते नाते खोटे आहे असे ते म्हणत नाहीत, उलट राष्ट्रवादाचे दुसरे अभ्यासक अर्नेस्ट गेलनर यांच्याशी त्यांचा वाद याच मुद्द्यावर आहे.

दुसरे आणि तिसरे प्रकरण छापील मजकुराविषयी आहे. ते वाचताना देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांना समोर ठेवावे. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, आणि त्यात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी-शेजारी छापला जाई. पोंभुर्ल्याचा मुलगा मुंबईत शिकतो, तेथे अध्यापक होतो आणि कधीही न भेटलेल्या वाचकांना उद्देशून नियमाने लिहितो, ही घटना अँडरसन यांच्या मांडणीत चपखल बसते. पण लगेच उलट उदाहरणही घ्यावे, कारण अभ्यास तेथेच रंगतो. याच किनाऱ्यावर गोव्यात १५५६ मध्येच छापखाना आला होता आणि १६१६ मध्ये इंग्रज जेझुइट मिशनरी थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे रोमन लिपीत छापलेही गेले होते. मग ‘दर्पण’सारखा वाचकवर्ग दोनशे वर्षे आधीच का निर्माण झाला नाही? अँडरसन यांचे उत्तर त्यांच्या ‘प्रिंट-कॅपिटॅलिझम’ (छपाई-भांडवलशाही) या शब्दयोजनेतच आहे : नुसता छापखाना पुरत नाही, छपाईला बाजार लागतो. गोव्यातील छपाई मिशनच्या कामासाठी होती, विकत घेणाऱ्या अनोळखी वाचकासाठी नव्हती. गटाने या उत्तरावर एक संपूर्ण बैठक खर्च करावी आणि ते कितपत पटते ते आपल्या शब्दांत लिहावे.

यानंतर एखाद्या जुन्या वृत्तपत्राचा एकच अंक घ्यावा. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे. तेथे किंवा आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात ग्रंथपालांना जुन्या अंकांविषयी विचारावे. अंकातील बातम्या कोणत्या गावांच्या आहेत, कोणता देश दूरचा म्हणून आणि कोणता आपला म्हणून लिहिला आहे, आणि जाहिराती कोणाला उद्देशून आहेत, हे एका तक्त्यात मांडावे. अँडरसन यांच्या मते वृत्तपत्राच्या माथ्यावरील तारीख हाच एकमेकांशी संबंध नसलेल्या बातम्यांना जोडणारा धागा असतो. मुंबईची बोट पावसाळ्यात बंद राहत असे, त्या काळात मालवणच्या वाचकाच्या हाती अंक केव्हा पडत असेल, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही. आपण तो विचारावा, कारण ‘सगळे एकाच वेळी वाचतात’ हे गृहीतक येथे थोडे डळमळते.

नकाशाचे काम सर्वांत फलदायी ठरते. तलाठी कार्यालयातून मिळणारा गावनकाशा घ्यावा आणि त्यावर शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी ज्या वाटेने घरोघरी फिरते ती वाट वेगळ्या रंगाने आखावी. दोन्ही सीमा अनेक ठिकाणी जुळतील, काही ठिकाणी जुळणार नाहीत. एखादी वाडी महसुलाच्या हिशेबाने एका गावात आणि देवाच्या मानाने दुसऱ्या गावात असू शकते. जुन्या राज्यांचा अधिकार केंद्राकडून बाहेर पसरत विरळ होत जाई, तर आधुनिक राज्य काटेकोर रेषेने बांधलेले असते, हा अँडरसन यांचा मुद्दा असा प्रत्यक्ष दिसतो. याच अंगाने जिल्ह्याच्या नावाचाही विचार करावा. १ मे १९८१ पूर्वी सिंधुदुर्ग हे मालवणच्या समुद्रातील किल्ल्याचे नाव होते. त्या दिवसापासून ते रत्नागिरीतून वेगळ्या काढलेल्या जिल्ह्याचे नाव झाले. आज ‘आम्ही सिंधुदुर्गातले’ हे वाक्य ज्या सहजतेने उच्चारले जाते, ती सहजता कशी आली ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे आणि शाळेचे दाखले, बसवरील पाट्या, वृत्तपत्रांच्या जिल्हा पुरवण्या यांत शोधावे.

शिरगणतीसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडीवरील दहावा खंड वापरावा. तो १८८० चा आहे. लोकसंख्येच्या प्रकरणात लोकांचे जे वर्ग पाडले आहेत त्यांची यादी करावी आणि प्रत्येक माणूस एकाच चौकटीत बसला पाहिजे हा आग्रह त्यात कोठे दिसतो ते पाहावे. अँडरसन म्हणतात की शिरगणतीला अपूर्णांक चालत नाहीत. आजच्या गावातील व्यक्तींची नावे किंवा जाती मात्र टिपणात उतरवू नयेत. त्याची गरज नाही आणि त्यातून मनस्ताप होतो.

संग्रहालयासाठी रत्नागिरीचा थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला ब्रिटिशांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो येथेच वारला. ज्या आग्नेय आशियावर अँडरसन यांनी आयुष्य घालवले त्याचा एक तुकडा असा कोकणात येऊन पडलेला आहे. तेथे गेल्यावर वस्तूंपेक्षा त्यांच्याखालील माहितीच्या पाट्या वाचाव्यात आणि त्या कोणाच्या बाजूने बोलतात ते टिपावे.

चौथ्या प्रकरणातील प्रवासाचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. अमेरिकेतील स्पॅनिश वसाहतींत जन्मलेल्या अधिकाऱ्यांच्या बदल्या ठरावीक प्रदेशातच होत आणि त्या वर्तुळातून सहप्रवाशांचे नाते तयार झाले, असे अँडरसन सांगतात. मुंबईच्या गिरण्यांत गेलेला चाकरमानी अधिकारी नव्हता, म्हणून हा सिद्धांत त्याला जसाच्या तसा लावू नये. पण खोलीवर एकत्र राहणारी एकाच गावची मंडळी आणि गणपतीला परतताना होणारी भेट यांचा विचार या प्रकरणासोबत अवश्य करावा.

हे सर्व झाल्यावर भारतीय राज्यशास्त्रज्ञ पार्थ चॅटर्जी यांचे १९९३ चे ‘द नेशन अँड इट्स फ्रॅगमेंट्स’ उघडावे आणि त्यातील पहिले प्रकरण वाचावे. राष्ट्राच्या कल्पनेचे साचे युरोप-अमेरिकेतच तयार झाले असतील, तर वसाहतीतील लोकांनी स्वतः कल्पना करायचे राहिलेच काय, असा त्यांचा सवाल आहे. त्याची पडताळणी करण्यासाठी रत्नागिरीकडील नमन-खेळे आणि सिंधुदुर्गातील दशावतार यांच्याकडे वळावे. छापील संहितेशिवाय, रात्रभर, ठरावीक गावांच्या फेऱ्या करत चालणारे हे प्रयोग कोणाला कोणाशी जोडतात, आणि ते जोडणे वृत्तपत्राने केलेल्या जोडण्यापेक्षा कोठे वेगळे पडते, याचे टिपण प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहावे व मगच गटात वाचून दाखवावे. फिलिपिन्सचे कादंबरीकार होजे रिझाल आणि युरोपातील अराजकतावादी यांच्यावरील ‘अंडर थ्री फ्लॅग्ज’ हे २००५ चे पुस्तक त्यानंतरच्या बैठकांसाठी राखून ठेवावे, कारण त्यातील माणसे आणि तारखा इतक्या दाट आहेत की पद्धत अंगवळणी पडण्याआधी ते घेतले तर गट विखुरण्याचीच शक्यता अधिक.