कॉम्प्युटर चालू होत नाही? आधी बघा, पंखा फिरतोय का

जूनचा दुसरा आठवडा उलटला की चिपळुणात माझ्या दुकानासमोर रिक्षा थांबतात आणि चादरीत गुंडाळलेली कॅबिनेटं उतरतात. आमच्याकडे त्या डब्यालाच सगळे ‘सीपीयू’ म्हणतात. “ताई, सीपीयू चालूच होत नाही.” दर वेळी मी पहिला प्रश्न हाच विचारते, की बटण दाबल्यावर पंखा फिरतो का?

कारण ‘चालू होत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगळी दुखणी असतात. बटण दाबलं तरी ना दिवा, ना पंखा, हे एक. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी, हे दुसरं. स्क्रीनवर कंपनीचं नाव येतं आणि विंडोज काही येत नाही, हे तिसरं. आपलं दुखणं यातलं कुठलं ते ठरेपर्यंत स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नका.

पहिलं असेल तर भिंतीपासून सुरुवात करा. त्याच सॉकेटला टेबल लॅम्प लावून बघा. मोबाइलचा चार्जर लावून खात्री करू नका, तो शंभर व्होल्टवरही चालतो. साध्या पिवळ्या बल्बचा उजेड मंद झाला तर लगेच कळतं. मग यूपीएस बाजूला काढून कॅबिनेट थेट भिंतीला जोडा. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते, आणि काही यूपीएस बॅटरी मेली की लाइट असतानाही सुरू होत नाहीत. पॉवर कॉर्डचा संशय असेल तर मॉनिटरची काढून लावा, बहुतेक वेळा ती तशीच असते. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागचं छोटं बटण शून्याकडे नाही ना, रेघेकडे आहे ना, तेही बघा. झाडू-पोछा करताना ते हमखास दाबलं जातं. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असं लिहिलेलं लाल बटण असेल तर ते २३० वरच हवं.

एवढं करून काही झालं नाही तर कॉर्ड काढा, पुढचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग कॉर्ड लावून पुन्हा प्रयत्न करा. एसएमपीएस कधीकधी व्होल्टेजच्या झटक्याने स्वतःला बंद करून घेतो; आतली साठलेली वीज उतरली की तो पुन्हा उभा राहतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर साधारण ११० व्होल्ट येऊन बसतात. करंट अगदी थोडा असतो, पण मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाच्या, नाजूक भागांना तो पुरेसा आहे. आमच्या जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग नीट बसत नाही, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की त्याचा उपयोग संपतो. त्यात पाणी घालत जा.

पुढचं बटणच गंजलेलं असणं हे कोकणात नेहमीचं. ते तपासायला विकत काही आणावं लागत नाही. मदरबोर्डच्या कोपऱ्यात पॉवर बटणाची दोन पिनांची वायर येते, ती काढून तिथे रिसेट बटणाची वायर लावा आणि रिसेट दाबा. मशीन सुरू झालं तर दोष बटणाचा होता. नाही झालं तर एसएमपीएसकडे वळा. कॉर्ड काढा, मदरबोर्डची २४ पिनांची मोठी पट्टी सोडवा, तिच्यातली हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी वायर पेपरक्लिपने जोडा, आणि मगच कॉर्ड लावा. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएसमध्ये जीव आहे. तो धडधाकट आहे की नाही ते मल्टीमीटर सांगेल. पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत आकडा हवा. तुमच्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतील तर हा प्रयोग सोडून द्या. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, तीनशेहून जास्त व्होल्ट असतात आणि कॉर्ड काढल्यावरही ते काही वेळ टिकतात.

आता दुसरं दुखणं. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त हेच येतं, आणि लोकांचे सगळ्यात जास्त पैसे यातच वाया जातात. गेल्या पावसाळ्यात ग्रामपंचायतीत काम करणारी एक मुलगी मशीन घेऊन आली. दुसरीकडे तिला सांगितलं होतं, मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. दाखल्यांचं काम अडलेलं, तिचा चेहरा उतरलेला. मी रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी काढून उजेडात धरली. सोनेरी पिना काळपट झाल्या होत्या, देवघरातली समई दिवाळीनंतर न घासता ठेवली की होते तशा. आम्ही याला ‘कार्बन धरला’ म्हणतो. दहा मिनिटांत मशीन सुरू झालं. त्या मुलीकडून मी पैसे घेतले नाहीत, पण त्या ‘मदरबोर्ड गेला’ने मला खूप वाईट वाटलं.

म्हणून काळी स्क्रीन असेल तर आधी मॉनिटरची केबल बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डालाच लावलेली हवी, मदरबोर्डला नाही. मग कॉर्ड काढा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा दाबा आणि रॅम कडेने धरून बाहेर घ्या. पांढऱ्या खोडरबराने पिनांवर लांबीच्या दिशेने तीन-चार वेळा हलक्या हाताने घासा. मुलामा पातळ असतो, जोर लावू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर खोडरबरापेक्षा तेच चांगलं. खोडरबराचा एकही कण राहता कामा नये, तो स्लॉटमध्ये गेला की नवीनच दोष तयार होतो. स्लॉट कोरड्या दात घासायच्या ब्रशने झाडा. पट्टीची खाच जुळवून ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकच लावा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुरू झालं ते कळत नाही.

मदरबोर्डला छोटा स्पीकर जोडता आला तर फारच उत्तम. सगळी रॅम काढून मशीन सुरू करा. बीप वाजत राहिला तर प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत, ते रॅम मागत आहेत. बीपच नसेल तर प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी पॉवर वायर नीट बसली आहे का बघा, आणि बोर्डावरच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली नाहीत ना तेही. नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल जुना असेल तर बदलूनच टाका.

तिसऱ्या दुखण्यात आधी पेनड्राइव्ह आणि प्रिंटरची केबल काढा. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, डिस्कचं नाव दिसतं का पाहा. दिसत नसेल तर डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल काढून घाला, दुसऱ्या पोर्टला लावा. सेल मेल्याने तारीख मागे गेलेली असते, तेव्हा बायोसमधली डिस्कची सेटिंग्जही मूळ जागी गेलेली असू शकतात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, आतला डेटा प्रत्येक प्रयत्नात कमी होतो.

पुराचं पाणी लागलेल्या मशीनला यातलं काही लागू नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर कित्येक दिवस मी चिखलातले बोर्ड धुत होते. ‘होतंय का बघू’ म्हणून ज्यांनी प्लग लावला त्यांचे बोर्ड जळाले. चिखलासकट आलेल्यांतले काही वाचले. सेल लगेच काढा, बोर्ड स्वच्छ पाण्याने आणि मग आयसोप्रोपिलने धुवा, सावलीत पंख्याखाली चार-पाच दिवस वाळू द्या. एसएमपीएस टाकून द्या. हार्ड डिस्क मात्र धुवू नका, वाळवूही नका, हेअर ड्रायर तर नकोच; ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्याकडे न्या.