नागपूरच्या काळ्या मातीत पिवळा कोरिऑप्सिस

कोरिऑप्सिस हा पिवळ्या फुलांचा, काही वर्षं टिकणारा फुलझाडाचा प्रकार. तो ऊन सहन करतो, पण मुळाशी साचलेलं पाणी नाही. नागपुरात तो मे महिन्यातल्या उन्हापेक्षा जुलै-ऑगस्टमधल्या चिखलाने जास्त मरतो: काळी माती पाणी धरून ठेवते आणि झाडाचा बुंधा कुजतो. म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा. दोन घमेली मातीला एक घमेलं जाड रेती आणि अर्धं घमेलं कुजलेलं शेणखत पुरे. कुंडी दहा-बारा इंची घ्या, खालचं भोक मोकळं ठेवा.

बी ऑक्टोबरात पेरा. ते मातीवर नुसतं दाबायचं, पुरायचं नाही. उगवायला उजेड लागतो. ओल टिकली तर दोन-तीन आठवड्यांत उगवतं. चार-सहा पानं आली की एक-एक फुटावर लावा. पहिल्याच हंगामात फुलं हवी असतील तर ‘अर्ली सनराइज’ हा दुहेरी पाकळ्यांचा वाण घ्या. इतर बरेच वाण पहिलं वर्ष नुसती पानं वाढवण्यात घालवतात.

युरियाचा मोह टाळा. झाड माजतं, लोळतं, कळ्या कमी येतात. सुकलेलं फूल देठासकट, खालच्या पानापर्यंत कापत राहा, नाहीतर झाड बी धरतं आणि नवी फुलं थांबतात. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली आणि सकाळी मुळाशी पाणी द्या. पावसाळ्याआधी झाड एक तृतीयांश छाटा, कुंड्या छपराखाली सरकवा. दर दोन-तीन वर्षांनी ऑक्टोबरात गड्डा उपटून फोडा; मधला जुना, लाकडासारखा भाग टाकून कडेचे मुळासकटचे फुटवे लावा.