मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट उचलताना घूंऽऽ आवाज यायचा, कसा घालवला (माझा अनुभव)

दिंडोरी साइडला आपली द्राक्षबाग आहे, छाटणीनंतर ओळीत रोटाव्हेटर मारताना लिफ्ट (मागचं अवजार वर-खाली करणारी यंत्रणा) उचलली की जोरात घूंऽऽ आवाज यायचा आणि रोटाव्हेटर झटके देत वर यायचा. सगळे म्हणे गिअरबॉक्स खोला, पण आवाज फक्त लिफ्टवर लोड आला कीच येतोय ना, मग आधी लिफ्टला तेलाचं प्रेशर देणाऱ्या हायड्रॉलिक पंपाकडेच बघायचं.

डिपस्टिक काढली तर लेव्हल बरोबर पण तेलात फेस. फेस म्हणजे पंप कुठूनतरी हवा ओढतोय, आणि तेच बुडबुडे प्रेशरखाली फुटून पंप आतून खातात, म्हणून असं ट्रॅक्टर दामटत राहू नका भाऊ. सक्शन साइडला (पंप तेल ओढून घेतो ती बाजू) पंप चालू असताना तेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते, त्यामुळे जमिनीवर डाग शोधून काही सापडत नाही. सक्शन पाइपच्या जॉइंटला बाहेरून जाड ग्रीस फासलं, आवाज लगेच कमी! म्हणजे हवा तिथूनच शिरत होती. जॉइंटमधली ओ-रिंग (रबरी सील) कडक होऊन चिरली होती. नवी टाकली, स्ट्रेनर (तेल गाळायची जाळी) धुतला (गाळ बराच निघाला), मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं तेल भरलं, कमी रेसवर लिफ्ट वरखाली करून हवा काढली. आता रोटाव्हेटर एका दमात वर येतो.