ठाण्याहून महापे, रडार बघून

ठाण्याहून नवी मुंबईतल्या महाप्याला ऑफिसला मी स्कूटरने जातो. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी स्कूटरचे ब्रेक, टायर आणि डिकीतला रेनसूट बघायचा, हे आमच्याकडे ठरलेलं. गेली काही वर्षं त्यात एका कामाची भर पडली आहे. हवामान खात्याच्या मुंबई रडारची, म्हणजे पाऊस आत्ता कुठे आहे ते रंगांत दाखवणारी, पानं फोनवर उघडायची आणि त्यांचे शॉर्टकट पहिल्याच स्क्रीनवर ठेवायचे. पाऊस डोक्यावर आल्यावर, ओल्या बोटांनी, ती शोधणं होत नाही.

'पानं' म्हटलं, कारण मी बघतो ती रडार दोन आहेत. कुलाब्याचं ठाण्यातल्या आमच्या नौपाड्यापासून सरळ रेषेत साधारण ३६ किलोमीटरवर आहे. जोगेश्वरी पूर्वेला वेरावलीचं आहे, ते २०२२च्या जानेवारीत सुरू झालं आणि आपल्यापासून जेमतेम १२ किलोमीटरवर आहे. जवळचं आहे म्हणून तेवढंच ठेवू नका. वेरावलीचं सी बँडचं, म्हणजे आखूड लहरींचं आहे, आणि त्याची लहर मुसळधार सरीतून जाता जाता क्षीण होते. त्यामुळे त्या सरीच्या पलीकडचा पाऊस आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. कुलाब्याच्या एस बँडला, म्हणजे लांब लहरींना, हा त्रास फारसा नाही. दोन्ही चित्रं जुळली की निर्धास्त निघा.

शॉर्टकट ठेवताना आणखी एक खातरजमा करा. पुष्कळ अ‍ॅपवर रडारसारखी रंगीत फिल्म फिरते, पण तो बऱ्याचदा संगणकाने काढलेला अंदाज असतो. खालची पट्टी उद्या दुपारपर्यंत सरकत असेल, तर ते रडार नव्हे. उपग्रहाचं चित्रही वेगळं. ते ढगाचा माथा दाखवतं, त्याखाली पाऊस पडतोय की नाही ते नाही.

मग चित्रावरची वेळ. ती अनेकदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणून साडेपाच तास मिळवायचे. ०५:४० दिसलं तर आपले सकाळचे ११:१०. पहिल्या पावसाळ्यात मी हे उलट केलं होतं. चित्र ताजं होतं, मी ते पहाटेचं समजलो आणि 'हा पट्टा कधीच गेला' म्हणत निघालो. कळवा पुलावर पोचेपर्यंत चप्पल हातात घ्यायची वेळ आली. फोन कधीकधी जुनंच पान उघडून दाखवतो, तेव्हा आधी रिफ्रेश, मग वेळ, मग रंग, हा क्रम मोडू नका.

आता रंग कुठले बघायचे? माणूस पहिल्यांदा आपलं घर शोधतो. घरावर पाऊस आहे की नाही ते खिडकीतूनही दिसतं, त्याला रडार कशाला? जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून असतो, म्हणून नजर समुद्रावर ठेवायची: वांद्रे-जुहूच्या बाहेर, अलिबागच्या समोर, उरणवर. समुद्र कोरा असेल तर ठाण्यावर कितीही हिरवं-पिवळं दिसो, अर्ध्या-पाऊण तासात उघडीप मिळण्याची शक्यता चांगली. समुद्रावर पट्ट्यांमागे पट्टे उभे असतील, तर ही सर थांबायची वाट बघण्यात अर्थ नाही, मागची तयारच असते.

निघायच्या पाऊण तास आधी वीस मिनिटांच्या अंतराची दोन चित्रं बघा. मधल्या वेळात पट्टा दहा किलोमीटर सरकला असेल तर तो ताशी तीसच्या वेगाने येतोय. वांद्रे ते ठाणे सरळ रेषेत साधारण वीस. म्हणजे वांद्र्याच्या किनाऱ्याला टेकलेला पट्टा चाळीस मिनिटांत आपल्याकडे. तासा-दीड तासापुढचं गणित मी मांडत नाही. सरी वाटेत विरतात, नव्या उठतात. त्याहून लांबचं नियोजन रात्रीच्या अंदाजावर आणि पिवळ्या-नारिंगी इशाऱ्यावर.

बाजूच्या पट्टीवरचे आकडे डीबीझेडमध्ये असतात, म्हणजे पावसावरून परत येणारा प्रतिध्वनी किती जोरदार त्याचं माप. माझा ठोकताळा असा: वीसच्या आसपास झिमझिम, पस्तिसाला रेनसूट, पंचेचाळिसाच्या वर गेलं की चहा टाका आणि बसा. यात एक फसगत आहे. रडारला थेंबाचा आकार फार भासतो. व्यास दुप्पट झाला की प्रतिध्वनी चौसष्टपट होतो. मेमधल्या वळवाच्या मोजक्या टपोऱ्या थेंबांनी चित्र लालभडक होतं, तर जुलैतला बारीक थेंबांचा दाट पाऊस चाळिशीतच राहून रस्ते भरून टाकतो. म्हणून भर पावसाळ्यात माझा आकडा मी पाचने खाली आणतो.

'कुलाब्याला तर ऊन आहे' असं सांगणारा एकजण प्रत्येक ऑफिसात असतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७३. त्या माणसाला एवढं सांगून पुढचं काम करा.

रडार न दाखवणारी गोष्ट म्हणजे भरती. भरतीचं वेळापत्रक फ्रिजवर लावून ठेवा आणि साडेचार मीटरच्या वरच्या तारखांना लाल खूण करा. नवी मुंबईचा बराच भाग खाडीला भराव घालून उभा आहे. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी खाडीत सोडता येत नाही, ते धारण तलावांत अडवून ओहोटीला सोडतात. त्यामुळे मोठी सर ओहोटीत आली तर एक गोष्ट, ऐन भरतीत आली तर वेगळीच. माझ्या वाटेवर विटाव्याचा रेल्वे पूल आहे, त्याखालच्या रस्त्यात पाणी साचतं. भरती आणि पिवळा-लाल पट्टा एकाच तासात येत असतील, तर मी स्कूटर काढत नाही. ट्रान्स हार्बर लोकलने घणसोली आणि पुढे रिक्षा. ती रिक्षा त्या दिवशी मिळेल का, हा प्रश्न वेगळा.

मे आणि ऑक्टोबरसाठी ही यादी उलटी करा. तेव्हा ढग दुपारी सह्याद्रीवर, इगतपुरी-माळशेज-माथेरानकडे उठतात आणि संध्याकाळी आपल्याकडे उतरतात, म्हणून नजर पूर्वेला. मॅक्स झेड नावाच्या चित्राच्या कडेला ढगांची उंची दिसते. तिथे रंग बारा-पंधरा किलोमीटरवर चढले असतील तर विजा आल्याच. या दोन महिन्यांसाठी 'दामिनी' अ‍ॅप फोनवर हवंच. आजूबाजूला वीज पडली की ते कळवतं. पाऊस नसला तरी मैदानातल्या पोरांना तेव्हा घरात घ्या.

गच्चीवरून पश्चिमेकडचा येऊरचा डोंगर दिसतो का, हेही निघताना बघून घ्या. पावसाळ्यात डोंगर पुसट झाला की पंधरा मिनिटं हातात आहेत, असं आई म्हणते. रडारशी ताडून बघितलं, ती चुकली त्यापेक्षा जास्त वेळा बरोबर आली. फक्त ऑक्टोबरात तिलाही मान वळवून पूर्वेच्या पारसिक डोंगराकडे बघावं लागतं.

राहिलेलं पटकन: फोनसाठी झिपची पिशवी, भरलेली पॉवर बँक, शाळेतून मुलीला आणायला कोण जाणार हे सकाळीच ठरलेलं. संध्याकाळी चार वाजता, ऑफिस सुटायच्या आधी, पुन्हा एकदा समुद्र. आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कोरड्या मोज्यांचे दोन जोड, कारण एक कोणीतरी उसना नेतंच.