बाळंतपणानंतरचं नैराश्य: ओळखताना आणि मदत घेताना या चुका टाळा

बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उगाच रडू येणं, चिडचिड होणं बहुतेक आयांच्या वाट्याला येतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. ते त्यापुढेही राहिलं, तर ‘होईल आपोआप बरं’ म्हणत थांबू नका. बाळ सहा-आठ महिन्यांचं झाल्यावरही नैराश्य येऊ शकतं.

दुसरी चूक म्हणजे रडणं हीच खूण मानणं. कितीतरी जणी रडतच नाहीत. त्यांना राग येतो, धास्ती वाटते, आतून सगळं कोरडं वाटतं, बाळाला जवळ घेऊनही काही जाणवत नाही. एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा: बाळ शांत झोपलंय, घरात सांभाळायला माणूस आहे, तरी मला झोप लागत नाही का? अशा रात्री वाढत चालल्या असतील, तर तो नुसता थकवा नव्हे.

डॉक्टरांसमोर ‘मी ठीक आहे’ म्हणणं सगळ्यात महागात पडतं. तपासणीत अनेक ठिकाणी नैराश्य ओळखण्यासाठीची एडिनबरा प्रश्नावली देतात. त्यात मागच्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न असतात, शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. चांगली आई काय लिहील याचा विचार करू नका, जे होतंय ते लिहा. बाळाला काही होईल असे नकोसे विचार मनात येत असतील तर तेही सांगा. असे विचार पुष्कळ आयांना येतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणीही करून घ्या, त्यांच्या बिघाडानेही असाच त्रास होतो.

अंगावर पाजते म्हणून औषध नाकारू नका. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधं दुधात फार कमी उतरतात. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नसतात. सौम्य त्रासात नुसतं समुपदेशनही पुरतं.

घरच्यांनो, ‘आम्ही नाही का मुलं वाढवली?’ हे वाक्य तिचं तोंड बंद करतं. त्यापेक्षा रात्रीचं बाळ तुम्ही बघा आणि तिला सलग झोपू द्या. ती नसलेले आवाज ऐकू लागली, बाळाबद्दल भलतंच काही खरं मानू लागली किंवा मरणाचं बोलू लागली, तर तिला किंवा बाळाला क्षणभरही एकटं न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठा, मध्यरात्र असली तरी.