जुनी चांदी, चिनी माती, काच जमवायचीय? आधी वस्तू उलटी करून बघा

जुन्या वस्तू जमवायच्यात, सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की मी एकच सांगते, आधी दुकानात जाऊ नका, नातेवाइकांचे माळे बघा. आत्याकडे, मामाकडे, गावच्या घरात अजूनही चांदीची गुलाबदाणी, पानाचं तबक, जपानी कपबश्यांचा अर्धा सेट, लोणच्याची बरणी असं बरंच काही पडून असतं, आणि चांदीचा भाव चढला की लोक ही भांडी सरळ मोडीत घालतात, सराफ वजन करतो, घट धरतो, पैसे देतो आणि ते उठावाचं काम वितळून कायमचं जातं. म्हणून घरात कोणी मोडीचं बोलायला लागलं की "मला द्या, मोडीचा भाव मी देते" असं स्पष्ट सांगून ठेवा. लाजायचं कारण नाही, निम्मा संग्रह असाच होतो.

पैसे खर्च करायच्या आधी डोळा मात्र तयार करायला हवा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, दिनकर गंगाधर केळकरांनी आपल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ उभं केलेलं, तिथले अडकित्ते, दिवे, भांडी बघताना नुसतं "किती छान" म्हणून पुढे जाऊ नका, कडा कशा झिजल्यात, जोड कुठे आहे, नक्षी कुठे पुसट झालीय ते बघा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू आहेत, भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे जे १८७२ पासून लोकांना खुलं आहे. अस्सल वस्तूची झीज एकदा डोळ्यात बसली की बाजारातली नवी असून जुनी भासवलेली वस्तू खटकायला लागते.

आता चांदी. आपल्याकडच्या जुन्या चांदीवर बऱ्याचदा शिक्काच नसतो, त्यामुळे शिक्का नाही म्हणजे खोटी असं अजिबात नाही. पण आपल्याकडे एक फार मोठी सोय आहे, भांड्यावर नावं घालायची पद्धत. तबकाच्या मागे, फुलपात्राच्या काठाखाली, वाटीच्या बुडाला बघा, कोणी कोणाला लग्नात दिलं, कधी दिलं, सगळं असतं, आणि साल बऱ्याचदा शकातलं असतं, त्यात ७८ मिळवा, म्हणजे शके १८४७ असेल तर १९२५-२६. अक्षरं भिंगातून बघा. हाताने छिन्नीने घातलेलं नाव म्हणजे बारीक बारीक टोचे एकापुढे एक, वळणावर थोडे दाट, सरळ रेषेत विरळ, आणि पन्नास-शंभर वर्षं राखेने, रांगोळीने घासून त्या टोच्यांच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात, नखाला अडकत नाहीत. नाव नखाला खरखरीत लागलं आणि आजूबाजूची नक्षी मात्र झिजलेली, तर नाव नंतरचं आहे. हे फसवणुकीसाठीच केलेलं असतं असं नाही, जुनं भांडं पुढच्या पिढीत लग्नात परत दिलं की नवं नाव पडतं, पण मग भांड्याचं वय त्या सालावरून ठरवायचं नाही.

गुलाबदाणी घेताना विशेष जपा कारण ती एका तुकड्याची नसते. बूड, पोट, मान आणि वरचं भोकांचं फूल वेगवेगळं करून जोडलेलं असतं, मान लग्नात-मुंजीत धक्के खाऊन वाकते, तुटते, आणि मग दुसऱ्याच गुलाबदाणीची मान बसवलेली असते. मानेवरची नक्षी आणि पोटावरची नक्षी एकाच हाताची वाटतेय का ते बघा, जोडाजवळ राखाडी रंगाचा ओघळ दिसला तर ती नंतरची झाळ आहे, बहुतेक कथलाची, ती चांदीसारखी उजळत नाही. दुसरं, पातळ पत्र्याच्या पोकळ वस्तूंना आधार म्हणून आत लाख किंवा राळ भरतात, विशेषतः बुडात आणि मुठीत, म्हणजे काट्यावर जे वजन दिसतं ते सगळं चांदीचं नसतं. विकणारा पूर्ण वजनाचे पैसे मागत असेल तर हे तिथेच बोला.

भरीव वाटी, फुलपात्र असेल तर घरच्या घरी एक चाचणी होते. किचनमधला डिजिटल काटा घ्या, आधी वाटीचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा, वाटी दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला कडेला टेकू देऊ नका आणि आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने वाटीच्या वजनाला भागा. उत्तर १०.३ ते १०.५ च्या आसपास आलं तर चांदी असण्याची शक्यता चांगली, साडेआठच्या आसपास आलं तर जर्मन सिल्व्हर किंवा पितळ. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. लोहचुंबकाच्या चाचणीवर फार भिस्त ठेवू नका कारण पितळही चिकटत नाही. सराफाकडच्या मशीनवर टंच, म्हणजे चांदी किती शुद्ध आहे ते, कळतो पण ते मशीन वरचा थर वाचतं, मुलामा असेल तर चकवा होऊ शकतो, म्हणून दोन्ही करा.

इंग्लिश चांदी आपल्याकडे पारशी घरांतून, संस्थानिकांकडून, साहेबलोकांच्या लिलावातून भरपूर आलेली आहे. त्यावर चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, ९२.५ टक्के. सोबत चांदी जिथे तपासली त्या गावाची खूण असते, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, लंडनचं बिबळ्याचं तोंड, आणि एक अक्षर जे वर्ष सांगतं, त्याचे तक्ते नेटवर मिळतात. राणीचं किंवा राजाचं डोकं असेल तर ती कर भरल्याची खूण, १७८४ ते १८९० मधली. पण ई.पी.एन.एस. अशी अक्षरं दिसली तर ती चांदी नव्हे, निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला मुलामा. वस्तू सुंदर असू शकते, खुशाल घ्या, फक्त चांदीच्या भावाने नाही. चहाच्या किटलीच्या मुठीत पांढऱ्या चकत्या असतील तर थांबा, हात भाजू नये म्हणून जुन्या किटल्यांना हस्तिदंत लावायचे आणि हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर आपल्याकडे बंदी आहे.

साफसफाईबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. टूथपेस्ट लावू नका, ओरखडे पडतात. फॉइल-सोडा-गरम पाण्याचा जो व्हिडिओ सगळीकडे फिरतो त्याने भांडं चकाचक होतं हे खरं, पण नक्षीच्या खाचांतला काळेपणाही निघून जातो आणि त्या काळेपणामुळेच नक्षी उठून दिसत असते, शिवाय आत लाख असेल तर गरम पाण्याने ती मऊ होते. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ कापड, नीट कोरडं करणं, बास. आणि रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र यांत चांदी गुंडाळायची नाही, त्यांतल्या गंधकाने काळी पडते, धुतलेल्या सुती कापडात ठेवा.

चिनी मातीचं थोडक्यात सांगते. बशी उलटी करा, बुडाची कडा बघा, तिथे बऱ्याचदा ग्लेज, म्हणजे वरचा काचेसारखा थर, नसतो त्यामुळे खरी माती दिसते. मोबाइलचा टॉर्च मागून लावा, उजेड आरपार आला तर पोर्सिलेन किंवा बोन चायना, नाही आला तर साधी माती किंवा स्टोनवेअर, लोणच्याच्या बरणीसारखं. बोटाने टिचकी मारा, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर केसासारखी चीर असू शकते, दिसत नसली तरी. मागे देशाचं नाव असेल तर ती वस्तू बहुतेक १८९१ नंतरची, कारण तेव्हापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. 'चेकोस्लोव्हाकिया' लिहिलेलं असेल तर १९१८ च्या आधीचं असूच शकत नाही, तो देशच तेव्हा झाला, हे लक्षात ठेवलं तर "पेशवेकालीन" म्हणून गळ्यात मारल्या जाणाऱ्या बऱ्याच बश्यांपासून वाचाल. एकमेकांना छेदणाऱ्या दोन तलवारी म्हणजे माइसेन या जर्मन पोर्सिलेन कारखान्याची खूण, पण युरोपातली सगळ्यात जास्त नक्कल झालेली खूणही हीच असेल, त्यामुळे नुसत्या खुणेवर पैसे टाकू नका. आणि तडकलेल्या जुन्या बरणीत लोणचं घालू नका, जुन्या ग्लेजमध्ये शिसं असू शकतं आणि आंबटपणाने ते उतरतं.

काचेत बेल्जियमची झुंबरं, हंड्या सगळ्यांना हव्या असतात आणि बाजारात प्रत्येक हंडी "बेल्जियमची"च असते. मी म्हणेन सुरुवात आपल्या काचेपासून करा. तळेगाव दाभाड्याला लोकांच्या एकेका पैशातून उभा राहिलेला पैसा फंड काच कारखाना, १९०८ सालचा, आणि कराडजवळ ओगलेवाडीचा ओगले ग्लास वर्क्स, १९१६ चा, ज्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी होता. हे कंदील अजून गावोगावी सापडतात. कंदिलावरचं उठावातलं नाव वाचा, काच मूळची आहे की नंतर बसवलेली ते बघा, गंजलेला कंदील लगेच रंगवायला देऊ नका, मूळ रंग आणि नाव दोन्ही बुजतं. कुठलीही काच घेताना काठावरून नख हळूच फिरवा, टवका लगेच कळतो, आणि बुडावर वेगवेगळ्या दिशांनी पडलेले बारीक चरे हवेत. सगळे चरे एकाच दिशेने असतील तर कोणीतरी घासून जुनं केलंय.

खरेदीला पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीट. सकाळी लवकर जा, वस्तू हातात घ्या, मागची बाजू उन्हात बघा, आणि वजन विचारल्याशिवाय चांदीचा भाव करू नका. विकणाऱ्याशी नीट बोला, ती वस्तू कुठल्या गावाहून, कुठल्या प्रकारच्या घरातून आली ते विचारा आणि घरी आल्यावर त्याच दिवशी वहीत लिहा, सोबत बुडाचा फोटो, वजन, किंमत, पावती.

शेवटचं, परदेशात राहणाऱ्यांसाठी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा जास्त जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, आजीची असली तरी. वस्तू त्याहून नवी असेल पण दिसायला जुनी असेल तर निघायच्या बऱ्याच आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला काढा, विमानतळावर तुमच्या तोंडी सांगण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.