पडदा वरून फूटभर उघडा ठेवा

धुळ्याचा पारा आठच्या खाली गेला की माझा फोन पहाटेपासून सुरू होतो. "कोंबड्यास्ले थंडी वाजी ऱ्हायनी, काय करू?" उत्तर दरवर्षी तेच. पिल्लांना ऊब हवीच. पिसं भरलेल्या कोंबडीला हीटर नको, तिला कोरडी जागा आणि मोकळी हवा द्या. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, वर पिसांची गोधडी. आपली आठ-दहा अंशांची रात्र ती फुगून बसून सहज काढते.

कोंबड्या मरतात त्या बंद पडद्यांमुळे. संध्याकाळी सहाला शेड चारी बाजूंनी ताडपत्रीनं आवळायचं ते सकाळी नऊलाच उघडायचं. रात्रभर विष्ठेचा अमोनिया आणि श्वासाची वाफ आतच कोंडते, गादी (जमिनीवर अंथरलेलं तूस) ओली होते. आठवड्याभरात घरघर सुरू. ब्रॉयलरमध्ये तर गारठा आणि कमी ऑक्सिजन एकत्र आले की पोटात पाणी भरतं, आणि नेमके वजनदार पक्षी आधी जातात. मग दुकानदार 'हिवाळी टॉनिक' पुढे सरकवतो. त्या बाटलीच्या पैशात तुसाची पोती येतील, ती आणा.

आपली शेडं पूर्व-पश्चिम लांब, म्हणजे सातपुड्याकडचा वारा सरळ लांब बाजूवर आदळतो. उत्तरेचा पडदा खालून वरपर्यंत घ्या, फक्त छताखाली फूटभर फट सोडा. दक्षिणेकडे थोडी जास्त सोडली तरी चालेल. वारा पक्ष्यांच्या अंगावर यायला नको, पण वरून हवा खेळली पाहिजे. उत्तरेला कडब्याचा किंवा तुराट्यांचा कूड उभा केलात तर उत्तमच. पहाटे शेडमध्ये कोंबडीच्या उंचीला उकिडवं बसा. डोळे चुरचुरले की फट कमी पडली. गादीची मूठ आवळून पाहा, गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे.

रावेर-यावलकडे केळीवाले थंडीत बागेत पाला पेटवून धूर करतात. ते बघून कोणी शेडमध्ये कोळशाची शेगडी ठेवतं. बाग उघडी असते, शेड बंद. गेल्या पौषात असं एक शेड पाहिलं. सकाळी सगळी पिल्लं शेगडीभोवती आडवी, अंगावर जखम नाही. कोळशाच्या विषारी वायूला वासही नसतो. राखणदार त्या रात्री बाहेर झोपला होता, म्हणून वाचला. शेगडी वापरायचीच तर धुराडं शेडबाहेर काढलेलीच वापरा, आणि तेव्हाही वरची फट उघडीच.

पिल्लांसाठी:
- पहिला आठवडा ३५ अंश, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी
- पिल्लामागे २ वॅट, एका ब्रूडरखाली (ऊब देणाऱ्या बल्बच्या छत्रीखाली) २५० पर्यंत पिल्लं
- तूस २-३ इंच
- लसी: लासोटा (राणीखेतची) ५-७ व्या दिवशी, गंबोरो रोगाची १२-१४ व्या दिवशी

थर्मामीटरपेक्षा माझा पिल्लांवर जास्त भरवसा. बल्बखाली ढीग झाला तर गारठा, कडेला जाऊन धापा टाकत असतील तर उष्णता जास्त, सगळी एकाच कोपऱ्यात असतील तर कुठून तरी वारा शिरतोय.

मोठ्या कोंबड्यांसाठी:
- संध्याकाळी मूठभर जास्तीची मका किंवा बाजरी
- टाकीतलं रात्रीचं गार पाणी ओतून बोअरचं ताजं, कोमट पाणी
- ओली गादी रोज काढून कोरडं तूस, गादी रोज हलवणं
- खुराड्यात दोन इंच रुंद चपटी दांडी, म्हणजे बसल्यावर पायाची बोटं पिसांखाली झाकतात

ही दांडी फुकटात होते, म्हणून कोणी विकायला येत नाही.

एका रात्रीत बरेच पक्षी मेले तर 'थंडीनं गेले' म्हणत गुपचूप पुरू नका. हात न लावता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. बर्ड फ्लू नवापुरात २००६ आणि २०२१ ला आला, दोन्ही वेळा फेब्रुवारीत.